विमान सुरू करण्याविषयीं

रात्रीचें जेवण आटोपल्यावर कोणी विडा लावतो, कोणी पत्त्यांचा डाव मांडतो, कोणी ज्ञानेश्वरी उघडतो. आम्ही लढाऊ विमान सुरू करतों. हें वाक्य वाचून आमच्याविषयीं भलताच आदर वाचकांच्या मनांत उत्पन्न होण्यापूर्वीं सांगून टाकतों, कीं आमचें विमान काँप्यूटरच्या पडद्यावरचें आहे, आमचें आसन दिवाणखान्यांतील खुर्ची हें आहे, आणि आमची मजल आजवर फार तर माडीच्या जिन्यापर्यंत गेलेली आहे.

या खेळास सिम्युलेटर म्हणतात. त्यांत खऱ्या विमानाचें कॉकपिट खटक्या-बटणांसह पडद्यावर उभें केलेलें असतें. हा खेळ खेळणारांत शैव-वैष्णवांइतके जुने नव्हेत, पण तितकेच कडवे असे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचें म्हणणें असें, कीं विमान थंड आणि काळोखें असतांना त्यांत बसावें, आणि खरा वैमानिक ज्या क्रमानें तें सुरू करतो त्याच क्रमानें, एकहि खटका न गाळतां, तें सुरू करावें. दुसरा पंथ म्हणतो, कीं एंजिन आधींच चालू असलेलें विमान घ्यावें, किंवा एखादी कळ दाबून तें आपोआप सुरू होऊं द्यावें, आणि ज्यासाठीं आलों त्या लढाईस लागावें. १९९८ सालीं निघालेल्या 'फाल्कन ४.०' या खेळांत तर दोन्ही पंथांची सोय करून मधला मार्गहि ठेवलेला होता : विमान उभें असलेल्या जागेपासून आरंभ करा, धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेपासून करा, नाहीं तर थेट धावपट्टीवरून करा. आजच्या 'डीसीएस वर्ल्ड'मध्येंहि थंड विमान, चालू विमान आणि धावपट्टीवरचें विमान असे पर्याय आहेत. शिवाय विंडोज आणि होम या दोन कळा एकदम दाबल्या, तर कोणी अदृश्य हात सारे खटके ओळीनें फिरवून देतो.

आम्ही पहिल्या पंथाचे. आणि खरें सांगावयाचें तर त्या पंथांतले सोंवळे. आमचें आवडतें विमान एफ-१६. प्रथम बॅटरी, मग मुख्य वीज. मग मोठ्या एंजिनास फिरविण्यासाठीं ठेवलेलें छोटें टर्बाइन सुरू करावयाचें. एंजिनाची गति शेंकडा वीसवर आली, कीं थ्रॉटल बंद स्थितींतून पुढें सारून इंधन सोडावयाचें. एंजिन पेटतें. पण एवढ्यानें विमान जागें होत नाहीं. कारण आपण कोठें आहों आणि कोणीकडे तोंड करून आहों, हें त्यास अजून ठाऊक नसतें. त्याच्या पोटांत दिशा ओळखणारी जी यंत्रणा असते, तिला कांहीं वेळ अगदीं स्थिर रहावें लागतें. तेवढ्या अवधींत ती गुरुत्वाकर्षणावरून खालची दिशा जाणते, आणि पृथ्वीच्या स्वतःभोंवतीं फिरण्यावरून उत्तर दिशा शोधून काढते. आमच्या खेळांत या कामास सुमारें आठ मिनिटें लागतात, आणि त्या आठ मिनिटांत विमान तसूभरहि हलवून चालत नाहीं. ज्या यंत्रास ध्वनीच्या सुमारें दुप्पट वेगानें जावयाचें, त्यानें आधीं निश्चल बसून पृथ्वीचें फिरणें ओळखावें, यांत आम्हांस एक प्रकारची संध्या दिसे. आंतून मात्र प्रश्न येई, "अजून निघालांच नाहीं का?"

शिक्षणासाठीं आमच्याकडे राहणारा आमचा भाचा दुसऱ्या पंथाचा. "मामा, तुम्ही मोटार काढतांना पेट्रोल कोणत्या नळींतून कोठें जातें याचा जप करतां काय?" असें तो विचारी. "मला दिवसांत अर्धा तास मिळतो. त्यांतला तिसरा हिस्सा खटक्यांत घालवूं, तर लढूं केव्हां?" या प्रश्नास आमच्याजवळ सरळ उत्तर नव्हतें, पण एके दिवशीं तें आयतेंच चालून आलें. लढाई ऐन रंगांत असतां त्याचें एंजिन आकाशांत विझलें. त्यानें नेहमींच्या कळा दाबून पाहिल्या, त्या जमिनीवरच्या. आकाशांत एंजिन पुन्हा पेटवावयाचें, तर थ्रॉटल मागें ओढून पुन्हा पुढें सारावें लागतें, आणि वीस हजार फुटांच्या खालीं आल्यावर तेंच छोटें टर्बाइन मदतीस घ्यावें लागतें. हीं दोन्ही साधनें त्याच्या हाताशींच होतीं; परंतु त्यानें तीं कधीं हाताळलेलीं नव्हतीं. विमान डोंगरावर आदळलें. ज्यानें विमान कधीं सुरू केलें नाहीं, त्यास तें बंद पडल्यावर काय कळणार, असें आम्हीं त्यास सांगितलें. आणि तें जितक्या सौम्यपणें सांगावयास हवें होतें तितक्या सौम्यपणें सांगितलें नाहीं.

या विजयानें फुगून आम्ही इतिहासाचा आधार शोधूं लागलों. पहिला आधार भक्कम मिळाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंतील डेटनजवळ राइट फील्डवर बोइंगच्या 'मॉडेल २९९' या चार एंजिनांच्या नव्या विमानाची परीक्षा चालली होती. विमान उडालें, वर चढलें आणि कोसळलें. त्या अपघातानें मेजर प्लॉयर हिल आणि लेस्ली टॉवर या दोघां वैमानिकांचा अंत झाला. विमान जमिनीवर उभें असतां वाऱ्यानें त्याच्या शेपटीचे भाग हलूं नयेत म्हणून घातलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. त्यानंतर स्मरणशक्तीवर विसंबणें सोडून वैमानिकांसाठीं तपासणीची लेखी यादी करण्यांत आली. आणि त्याच विमानाचे वंशज बी-१७ या नांवानें पुढें बारा हजारांवर बांधले गेले. ही हकीकत आम्हीं भाच्यास दोनदां ऐकविली.

शोध येथेंच थांबविला असता तर बरें झालें असतें. १९४० च्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या आकाशांत जें युद्ध झालें, त्यांतील वैमानिक आपलीं विमानें कशीं सुरू करीत, हें पाहूं गेलों, तों पारडें दुसरीकडे झुकूं लागलें. 'सज्ज' म्हणून नेमलेल्या तुकडीनें हुकूम होतांच पांच मिनिटांत आकाशांत असावें असा दंडक होता. आणि ज्यांस विमानांतच बसवून ठेवीत, त्यांस दोनच मिनिटें. शिवाय स्पिटफायर विमान जमिनीवर फार वेळ चालू ठेवण्याची सोय नव्हती. पंखाखालच्या रेडिएटरास तेथें पुरेसा वारा मिळत नसल्यामुळें एंजिन तापून उकळूं लागे. म्हणजे तेथें आमच्यासारखा सोंवळा गृहस्थ असता, तर शत्रु येऊन बाँब टाकून परत जाईपर्यंत त्याची संध्याच चालली असती. झटपट आरंभ ही खेळणारांची लबाडी नव्हे. युद्धांत तोच खरा आरंभ होता.

मात्र तो झटपट होई याचें कारण निराळें होतें. पहाटेच्या काळोखांत फिटरांनीं एंजिनें एकवार चालवून गरम करून ठेवलेलीं असत. बॅटरीची ढकलगाडी विमानास जोडून ठेवलेली असे. पॅराशूट हाताशीं मांडलेलें असे, आणि वैमानिक चढतांच दुसरा कोणी त्याचे पट्टे आवळून देई. आमच्या एफ-१६ मध्येंहि अशीच एक युक्ति आहे. आधीं कोणी तरी पुरीं आठ मिनिटें खर्चून दिशा नोंदवून ठेवली असेल, आणि त्यानंतर विमान जागचें हललेलें नसेल, तर पुढल्या खेपेस तेंच काम सुमारें दीड मिनिटांत होतें.

आपल्याकडील उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजीं सहा सेबर विमानांनीं श्रीनगरच्या तळावर हल्ला केला, तेव्हां फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनीं धावपट्टीवर बाँब पडत असतां आपलें नॅट विमान आकाशांत नेलें, आणि लढतां लढतां देह ठेवला. हवाई दलांतील तें एकमेव परमवीरचक्र. त्या शौर्याविषयीं आम्हीं लहानपणापासून ऐकलें होतें; पण तें विमान त्या क्षणीं हात लावतांच निघण्याजोगें होतें, म्हणजे त्या शौर्याच्या आधीं दुसऱ्या कोणीं तरी आपलें काम पुरें केलें होतें, हा विचार आमच्या मनास कधीं शिवला नव्हता.

न शिवण्यास कारण होतें. आमचे धाकटे काका हवाई दलांत वीस वर्षें फिटर होते. शाळेंत असतांना "आमचे काका हवाई दलांत आहेत" एवढें आम्ही ऐटींत सांगत असूं, आणि "कोणतें विमान चालवितात?" हा प्रश्न येण्यापूर्वीं विषय बदलीत असूं. एकदां तो प्रश्न टळला नाहीं, आणि आम्हीं धडधडीत खोटें उत्तर दिलें. त्या वेळीं काका सुटीवर आलेले होते, आणि ओसरीच्या दुसऱ्या टोंकास वर्तमानपत्र वाचीत बसलेले होते. त्यांनीं पान उलटलें. मान वर केली नाहीं. पुढें पन्नास वर्षांत ती गोष्ट त्यांनीं काढली नाहीं, आणि आम्हींहि काढली नाहीं.

गेल्या दिवाळींत काका आमच्याकडे आले. त्यांनीं आतां पंच्याहत्तरी ओलांडलेली आहे. त्यांस आपली विद्या दाखवावी म्हणून आम्हीं रात्रीं त्यांची खुर्ची शेजारीं मांडली, आणि एकहि खटका न चुकवितां विमान सुरू केलें. आठ मिनिटें काका हात मांडीवर ठेवून स्वस्थ पाहत होते. आम्ही ब्रेक सोडणार, इतक्यांत ते म्हणाले, "सही केलीस?"

"कसली सही, काका?"

"फॉर्म सातशेवर. विमानावर हात चालविलेला प्रत्येकजण आपापल्या कामापुढें सही करतो. सगळ्यांची झाली, कीं मग वैमानिकाची. त्याशिवाय तो शिडीला पाय लावीत नाहीं." मग थोडें थांबून म्हणाले, "आणि लाल फितीच्या पिना कोणीं काढल्या? एंजिनाच्या तोंडावरचीं झांकणें? हत्यारें कोणीं मोजलीं? एक पाना कमी भरला, तर तो सांपडेपर्यंत विमान जागचें हलत नाहीं रे."

आम्हांस उत्तर सुचेना. भाच्यास ही संधि पुरे होती. "आजोबा, आतां माझें पाहा," असें म्हणून त्यानें चालू विमान निवडलें, आणि निमिषांत तो धावपट्टीकडे निघालाहि. आतां तरी काका आमच्या बाजूनें दोन शब्द बोलतील म्हणून आम्ही वाट पाहत होतों. काका पुढें झुकले. त्यांचा चेहरा प्रथमच खुलला. म्हणाले, "हें बरें. हात लागतांच निघालें. रात्रपाळीच्या पोरांनीं काम चोख केलेलें दिसतें."

ज्या झटपट आरंभास आम्ही आळस समजत होतों, त्यांत त्या म्हाताऱ्या फिटरास दुसऱ्याचे कष्ट दिसले; आणि ज्या आठ मिनिटांचा आम्हांस अभिमान, तीं त्यास मधूनच सुरू झालेलीं दिसलीं. गवयानें बैठकीवर येतांच षड्ज लावावा, यासाठीं आंतल्या खोलींत कोणी तरी तंबोरा जुळवून ठेवलेला असतो. आम्ही बैठकीवर बसून खुंट्या पिळीत होतों, आणि त्यासच गाण्याचा उगम समजत होतों. सावकाश आरंभ करावा. त्यानें यंत्राची ओळख पटते, आणि तें रुसल्यावर समजूत घालतां येते. घाईचा आरंभहि करावा. पण तो आपण केला असें समजूं नये.

भाचा निजावयास गेल्यावर आम्हीं काकांस पहिल्यानेंच विचारलें, कीं तुम्ही तेथें नेमकें काय करीत होतां? एक वाजेपर्यंत ते बोलत होते. थंडींत उघड्या हातानें पत्र्यास हात लावला तर कातडी चिकटून येई, हें सांगितलें. विमान गेल्यावर आकाशाकडे कोणी पाहत नसे, सगळे घड्याळाकडे पाहत, हें सांगितलें. परतण्याची वेळ टळून गेली, कीं प्रत्येकजण आपण केलेलें काम मनांतल्या मनांत पहिल्यापासून पुन्हा करून पाही. आपली सही जेथें होती तेथवर.

तेव्हां आम्हीं ओसरीवरची ती गोष्ट काढली. अर्धीअधिक सांगून झाली असेल नसेल, तोंच काकांनीं हातानें थांबविलें.

"तूं नॅट सांगितलें होतेंस," ते म्हणाले. "त्यांत खोटें काय? नॅट माझेंच होतें. वैमानिकांना आम्ही तें उडवायला देत असूं."