आजीच्या गोष्टी आणि माझा कळफलक

गेल्या दिवाळीच्या सुटीत आजीच्या वारली बोलीतील गोष्टी संगणकावर उतरवून घ्याव्यात, असे माझ्या मनाने घेतले. इंग्रजी टंकलेखन मला येत होते. म्हणून इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटविणारी सोय मी प्रथम निवडली. काही नवे शिकावे लागत नाही, हा केवढा लाभ! परंतु आजीचा शब्द लिहावा, तर यंत्र त्याच्या जागी पुस्तकी मराठी शब्द आणून बसवी. सायंकाळी मी वाचून दाखविले, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "ही माझी गोष्ट नाही, बाळा."

मन खट्टू झाले. रशियन लिहिणाऱ्यांपुढेही असाच पेच असतो: रशियन अक्षरे सारख्या उच्चाराच्या इंग्रजी कळांवर घ्यावीत, की तेथील रूढ मांडणी निराळी शिकावी? मी दुसरी वाट धरली. भारत सरकारने 1986 साली ठरविलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’. पहिले आठ दिवस बोटे अडखळत. ‘ळ’ तर सापडता सापडेना. पण येथे यंत्र मध्ये बोलत नाही. जे अक्षर दाबावे तेच उमटते. शिवाय गुजराती ‘क’ही त्याच कळेवर असल्याने सिल्वासातील शेजाऱ्यांचे अर्ज मला लिहिता येऊ लागले. इंग्रजीकरिता मात्र मांडणी बदलावी लागते, आणि ते मी अजून विसरतो.

तीन गोष्टी उतरल्या आहेत. चौथीच्या मध्यावर आजी थांबली आहे. मोहफुले वेचून झाली की पुढची सांगेन, म्हणते.