आयतं नको असतं तेव्हा

१. १९६३. ग्लेन जेन्सन यांनी दोनशे उंदरांना कळ दाबून दाणा मिळवायला शिकवलं. मग पिंजऱ्यात त्याच दाण्यांची भरलेली वाटी ठेवली. वाटी समोर असूनही उंदीर कळेकडे जात राहिले. आधी जितक्या जास्त वेळा दाबून खाल्लं होतं, तितकी कळेची ओढ जास्त.

२. १९६९. ॲलन न्यूरिंजर यांची कबुतरं. धान्य शेजारी, तरी दाण्यासाठी चकतीवर टोची मारणं चालूच.

३. कडकडून भूक लागलेला प्राणी आयत्याकडे जास्त वळतो.

४. अंगणात ज्वारीचा ढीग ओतून बघावा. कोंबडी ढिगातच उभी राहते. डावा पाय, उजवा पाय, दाणे मागे उडवते, एक पाऊल मागे सरते, मान तिरकी करते आणि एकच दाणा टिपते. पुन्हा उकरते.

५. लाल रानकोंबडी अन्न शोधून खाण्यात जास्त रमते. अंड्यांसाठी पिढ्यानपिढ्या निवडलेली लेगहॉर्न आयत्यावर लवकर राजी होते. निवड करणारे आपणच.

६. युरोपातली स्टारलिंग, आपल्या भोरडीच्या जातकुळीतली. मिटलेली चोच मातीत खुपसते, आत उघडते, झालेल्या भोकात डोकावते. १९८६ च्या एका प्रयोगात अळ्या उघड्यावर होत्या, तरी ती झाकलेल्या शोधत बसली. अभ्यासकांचं म्हणणं: शोधता शोधता ती माहिती गोळा करते. आजचं भांडं उद्या रिकामं असेल, तर जायचं कुठे?

७. मांजर अपवाद. २०२१, कॅलिफोर्निया विद्यापीठ, डेव्हिस: घरची सतरा मांजरं, एकीकडे साधी ताटली, दुसरीकडे अन्न काढून घ्यायचं कोडं. बहुतेकांनी ताटलीच पसंत केली.

८. ॲमेझॉन पोपट पिंजऱ्यात स्वतःची पिसं उपटतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना अन्न हुडकून, सोडवून खायची सोय आणि पिंजऱ्यात वावरायला विविधता दिली. उपटणं कमी झालं.

९. आपल्याकडचा पोपट रानात शेंग पायात धरून सोलतो. घरात त्याला भिजवलेली डाळ आणि मिरची वाटीत मिळते. पाच मिनिटांत जेवण आटोपतं. पुढचा सगळा दिवस गज.

१०. हा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी पिंजरे विकले जातात.

११. प्राणिसंग्रहालयात पिंजरा पाहताना दोन गोष्टी विचाराव्यात. याला काय खायला देता? आणि ते मिळवायला याला काय करू देता?

१२. दाणे वाटीत ओतण्याऐवजी पेंढ्यात विखरायला जादा पैसा लागत नाही.