वाईस दोन खेपा

एकत्र कुटुंबात जन्म काढलेल्या मनुष्यास एकट्याने प्रवास करण्याचा योग सहसा येत नाही. आम्ही आजवर जे जे म्हणून प्रवास केले ते पिशव्या, डबे आणि मुलांची डोकी मोजीत केले. गाडी सुटेपर्यंत ती मोजणी पुरी होत नसे आणि सुटल्यावर पुन्हा आरंभावी लागे. अशा मनुष्याने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी हातात एक पिशवी घेऊन स्वारगेटवर एकटेच उभे राहावे, ही गोष्ट घरातील मंडळींस मुळीच रुचली नाही. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, बरोबर कोणास तरी घ्या." सूनबाईने आमच्या खिशात मोबाईल आहे की नाही हे तीनदा पाहिले. तथापि आम्हांस जाणे भाग होते, आणि त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढील हकीकत वाचकांस उमजावयाची नाही.

आमच्या गृहिणीचे माहेर वाई. तेथील मधल्या आळीतले घर तिच्या भावांनी विकल्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. तिचे गुडघे तर थकले आहेतच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झाला आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले की, या विकारात गेलेली दृष्टी परत मिळत नाही. आहे तेवढी औषधाच्या थेंबांनी राखावयाची. आता तिला उजेड आणि अंधार कळतो, समोर माणूस उभे आहे एवढे कळते. कोण ते आवाजावरून ओळखावे लागते. गेल्या कार्तिकात एके दिवशी वाती वळता वळता ती म्हणाली, "तुम्ही एकदा वाईस जाऊन या आणि मला सगळे सांगा." चाळीस वर्षांच्या संसारात तिने आमच्याजवळ मागितलेल्या वस्तू बोटांवर मोजता येतील. आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो.

पहिल्या खेपेची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात सांगण्यासारखे थोडे आहे. पासष्टी उलटल्यामुळे अर्ध्या तिकिटात बसलो, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्यास बस उजवीकडे वळली आणि थोड्या वेळात आम्ही वाईत उतरलो. शिक्षकाची सवय, वही काढली आणि जे दिसेल त्याची टिपणे घेतली. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधले. शेजारचे काशीविश्वेश्वर आनंदराव भिकाजींनी 1757 साली. गणपतीच्या देवळाची मागली भिंत माशाच्या आकाराची, की कृष्णेचा पूर आला असता पाणी तिच्यावर दुभंगून दोहो अंगांनी निघून जावे. पुढे मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट आणि ती सुप्रसिद्ध घंटा पाहिली. तिच्यावर 1707 साल असून बाळ येशूसह मेरीची आकृती आहे, आणि चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हा ती इकडे आली असे सांगतात. परत येऊन केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेस दुरून नमस्कार केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोश ज्या गावी आकारास आला त्या गावचे पाणी संस्कृताच्या शिक्षकाने एकदा प्यावे, एवढ्यासाठी एक पेला पाणी मागून प्यालो. संध्याकाळच्या बसने परतलो.

रात्री जेवणे झाल्यावर सर्व मंडळींसमक्ष आम्ही वही उघडून वाचली. तरुण पोरे हळूहळू पांगली, आमची आठ वर्षांची नात मात्र बसून राहिली. गृहिणीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "घंटेचे साल आम्हांला शाळेत पाठ होते हो. नंदीच्या पाठीवर हात ठेवलात का?"

आम्ही म्हणालो, "नाही."

"गार होता की ऊन, ते कळले नाही म्हणजे. पाण्यात पाय घातलेत? शेवाळ कितव्या पायरीपासून लागते? घाटावर धुणी चालली होती का? बाजारात हळदीचा वास अजून येतो का?"

एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तीस वर्षे वर्गात उभे राहून "ठाऊक नाही" म्हणणाऱ्या मुलास आम्ही बाकावर उभे केले. त्या रात्री आमची नात आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहत होती ती आम्हांस चांगली स्मरते. गृहिणी मात्र रागावली नाही. "असू दे, दमला असाल," एवढेच म्हणून ती उठली. ती रागावती तर बरे झाले असते.

पुढील काही दिवस आमचे मन कशात लागेना. मग घरातच एक गोष्ट घडली. आम्ही पानावर बसलो असता ती नेहमीप्रमाणे तांब्याने आमच्या फुलपात्रात पाणी वाढीत होती. हे ती रोज करते; डोळे अधू झाल्यावरही तिने हे काम सोडले नाही, आणि पाणी कधी सांडत नाही. हे कसे, असा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. त्या दिवशी सहज डोळे मिटले आणि ऐकू आले: भांडे भरत जाते तसतसा पाण्याचा स्वर चढत जातो, आधी जाड, मग बारीक, आणि काठाशी येताना एकदम किनरा. त्या किनऱ्या स्वराच्या अलीकडे एक क्षण तिचा हात थांबला. डोळे उघडून पाहिले तर फुलपात्र काठापासून एक बोट रिकामे. ती इतकी वर्षे कानाने पाणी वाढीत होती आणि आम्ही ते नुसते पीत होतो.

त्या दिवसापासून आम्हांस एक नादच लागला. माजघरात बसून डोळे मिटावे आणि काय चालले आहे ते ओळखावे. मोहरी तडतडते, तिचा जोर ओसरतो, मग हिंगाचा वास. आणि फोडणी वरणावर पडली की जो चर्र आवाज होतो तो आमटीवर पडल्यापेक्षा निराळा. सूनबाई घाईत असली म्हणजे पोळी लाटताना तिच्या बांगड्या दाट वाजतात. बंधूंचा डावा पाय जिन्यावर उजव्यापेक्षा जड पडतो. आम्ही एकदा म्हणालो, "आबा आला," तर गृहिणी हसून म्हणाली, "तो मघाशीच आला, हा दूधवाला." अजून आमचा अभ्यास कच्चा आहे.

मेघदूत आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. समास सोडवून घेतले, छंद मोजून घेतला, यक्षास रामगिरीवर का राहावे लागले याचे कारण परीक्षेत विचारले. पण जो स्वतः जाऊ शकत नाही तोच जाणाऱ्यास वाट सांगतो, आणि ती वाट कोसांनी न सांगता नद्यांच्या पाण्याने, मातीच्या वासाने सांगतो, हे मुलांना एकदाही म्हणून दाखविले नाही. आता ती मुले नातवंडांची झाली असतील. असो.

माघात आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस वही घरी ठेवली आणि एक रात्र मुक्काम करावयाचे ठरविले. बंधू पुन्हा "एकटे कशाला?" म्हणालेच; परंतु बरोबर माणूस असले म्हणजे बोलणे आले, आणि बोलू लागले की कान आपलाच आवाज ऐकतात.

पहाटे काळोखात काशीविश्वेश्वरास गेलो. मंडपातील नंदी काळ्याभोर दगडाचा, आरशासारखा घोटलेला. पाठीवर तळवा ठेवला तो असा गार लागला की हात आपोआप मागे आला. पुन्हा ठेवला. गळ्यातील कोरीव घंटांची माळ बोटांनी चाचपीत गेलो; डोळ्यांना ती सारखी दिसते, बोटांना मात्र कोठे धार लागते, कोठे शेकडो हातांनी झिजून ती नाहीशी झालेली लागते. दुपारी पुन्हा गेलो. ऊन मंडपात शिरून एका कुशीस पोहोचले होते. ती बाजू कोमट आणि दुसरी सकाळसारखीच गार. दोन्ही हात दोहो बाजूंस ठेवून आम्ही बराच वेळ उभे होतो. दर्शनास आलेल्या एका गृहस्थाने "काही नवस आहे का?" असे विचारले. आम्ही होय म्हणालो.

मग घाट. धोतर वर खोचून पाण्यात उतरलो. पाण्याखालच्या पहिल्या पायरीवर पाय नीट ठरला, दुसरीवर शेवाळ बुळबुळले, तिसरीवर उतरण्याचे धैर्य झाले नाही. सहासष्टाव्या वर्षी ढोपर मोडून घेऊन परतलो असतो तर घरच्यांनी पुन्हा उंबरठा ओलांडू दिला नसता. तेथेच पायरीवर बसलो असता पलीकडच्या काठावर एक बाई धुणे धूत होती. तिचा हात खाली आलेला दिसे, कापड दगडावर आपटलेले दिसे, आणि आवाज मात्र एक निमिष उशिरा येई. हात पुन्हा वर जाऊ लागला की मग 'धप्'. ध्वनीस नदी ओलांडावयास वेळ लागतो हे पाचवीच्या पुस्तकातले ज्ञान. ते असे समोर बसून कधी पाहिले नव्हते. आम्ही डोळे मिटले. आता केवळ 'धप्' उरले. हात नाही, कापड नाही, बाई नाही. पुष्कळ वेळ तसेच बसलो. मग डोळे उघडले तेव्हा ती बाई पिळे बादलीत भरून केव्हाच निघून गेली होती, आणि आम्हांस उगाच भय वाटले.

बाजारात हळदीचा वास येतो. सर्वत्र नाही, एका दुकानाच्या दारापासून दुसऱ्याच्या दारापर्यंत येतो, मध्ये डिझेलचा आणि तळणीचा येतो, पुन्हा तो येतो. पावशेर घेतली. पुण्यात का हळद मिळत नाही, असे सूनबाई म्हणेल हे ठाऊक होते, आणि ती तसे म्हणालीही.

त्या रात्री आम्ही वहीविना सांगितले. क्रम चुकला, मागचे पुढे झाले. गृहिणी मधून मधून थांबवी. नंदीच्या दोन कुशी सांगितल्या तेव्हा तिने आमचे दोन्ही तळवे हातांत घेऊन पाहिले, जणू त्यांवर काही उरले असावे. ती म्हणाली, उन्हाळ्यात त्या मुली त्याच्या गार बाजूस गाल लावून बसत आणि पुजारी हाकलीत असे. शेवाळाच्या बाबतीत मात्र तिने आम्हांस खोडून काढले. "दुसऱ्या पायरीवर नव्हे, तिसऱ्या."

"दुसऱ्या. आमचा पाय घसरला."

"मग पाणी उतरले असेल," ती म्हणाली, आणि थोडा वेळ बोलली नाही. वर धोमला धरण झाले ते आम्ही सांगणार होतो. पण गप्प राहिलो.

हळदीची पुडी तिने नाकाशी धरली, बंद केली, पुन्हा उघडली. मग विचारले, "मेणवलीस गेला होतात?"

"या खेपेस नाही."

"मग जा एकदा. साल सांगू नका म्हणजे झाले."