पानांचा रात्रीचा हिशेब

दिवेलागणीनंतर झाडाचं पान तोडायचं नाही, ही आमच्या सासूबाईंची सक्त ताकीद. "झाडं झोपलेली असतात गं!" मी मराठी शिकवते; विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. स्टाफरूममध्ये वनस्पतिशास्त्राच्या बाईंना हे सहज सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, "झोपतात कसली? रात्रभर हिशेब करतात." आणि डबा बाजूला सारून त्या सांगत राहिल्या.

१७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. घड्याळ झाडाच्या आतच होतं! ते चालतं कसं, हे कळायला मात्र पावणेतीनशे वर्षं लागली. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा रोपात ते उलगडलं. पहाटे सीसीए-१ आणि एलएचवाय ही जनुकं जागी होतात आणि संध्याकाळच्या टीओसी-१ला दाबून ठेवतात. दिवस कलला की त्यांचा जोर ओसरतो, टीओसी-१ वर येतं आणि सकाळच्यांना दाबतं. सासू-सुनांसारखंच म्हणा ना! (सासूबाई हे वाचणार आहेत, त्यांनी हसून सोडून द्यावं.) याच तालावर त्या रोपातली साधारण एक तृतीयांश जनुकं आपापल्या वेळी कामाला लागतात.

आणि तो हिशेब? दिवसा पान पिष्ट साठवतं आणि रात्री ते अशा बेताने खर्च करतं, की उजाडेपर्यंत जेमतेम पुरावं. संशोधकांनी एकदा दिवे चार तास आधीच घालवले, तर रोपाने त्याच रात्री खर्चाचा वेग कमी केला आणि साठा पहाटेपर्यंत पुरवला. ज्या रोपांचं घड्याळ पुढे धावतं, त्यांचं पिष्ट मात्र उजाडण्याआधीच संपतं आणि ती उपाशी राहतात. २००५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी आणखी एक दाखवलं. बाहेरच्या दिवसाशी ज्यांचं घड्याळ जुळत होतं, त्या रोपांत हरितद्रव्य जास्त होतं आणि ती जोमाने वाढली. न जुळणारी मागे पडली. पाणी, माती, उजेड सगळं मिळूनही.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे झाड नव्हतंच. आमचे 'हे' इथल्याच एका फाउंड्रीत आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी आठला घरी येऊन जेवतात, पडदे ओढून पडतात, आणि तासाभरात उठून बसतात. मग अॅसिडिटी, चिडचिड. शरीराला जरा सवय लागतेय, तोच सोमवार उजाडतो आणि पाळी पुन्हा बदलते. माणूस म्हणजे झाड नव्हे, हे मलाही कळतं. पण आपल्याही पेशींत असं घड्याळ आहे. जनुकं वेगळी, तऱ्हा तीच. फळमाशीत ते उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं.

त्या रात्री मी यांना म्हटलं, "अहो, एकच पाळी कायमची मागून बघा की." ते म्हणाले, "रात्रीचा भत्ता जाईल. मुलीची फी कशातून भरायची?" आमचाही हिशेब पहाटेपर्यंत पुरवण्याचाच. तरी अर्ज मी लिहून दिला, शुद्ध मराठीत. साहेबांना मराठी वाचता येत नाही म्हणून मुलीने तो कानडीत उतरवला. महिना झाला, उत्तर अजून आलेलं नाही.