गाव कुठलं, ते आधी सांगा

दरवर्षी 14 जानेवारीला पानिपतजवळच्या काला आंब स्मारकावर भगवे फेटे जमतात. काही कोल्हापूर-साताऱ्याहून आलेल्यांच्या डोक्यावर असतात, पण बरेचसे पानिपत, कर्नाल, कैथलकडच्या शेतकऱ्यांच्या. हे शेतकरी रोड समाजाचे. 1761 च्या लढाईनंतर जे मराठे माघारी फिरू शकले नाहीत आणि इथल्याच जंगलात लपून राहिले, त्यांचे आपण वंशज, असं त्यांच्यातले अनेकजण मानतात. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक डॉ. वसंतराव मोरे यांनी ही मांडणी केली आणि ती गावोगाव पोचली. 2021 मध्ये याच समाजातल्या, खंडरा गावच्या नीरज चोप्राने टोकियोत भालाफेकीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ‘चोप्रा म्हणजे आपले चोपडेच’ म्हणणारे महाराष्ट्रातही निघाले.

गुरुग्राममधला माझा एक सहकारी याच समाजातला, कर्नाल जिल्ह्यातल्या एका खेड्याचा. घरात शिवाजी महाराजांची तसबीर, मोटारीच्या मागच्या काचेवर ‘मराठा’. मी कऱ्हाडकडचा आहे हे कळल्यापासून तो आपल्या नात्यागोत्यातलं एकेक आडनाव मला ऐकवायचा आणि विचारायचा, “ये आपके यहाँ है क्या?” जुळवायला गेलं तर पुष्कळ जुळतं. पंवार-पवार, चौहान-चव्हाण. अडचण अशी की ही कुळनावं उत्तरेत पानिपतच्या कित्येक शतकं आधीपासून आहेत, आणि चोप्रा तर पंजाबी खत्र्यांतही आहेत. नुसत्या नावावरून कोण कुठून आलं ते सांगता येत नाही.

आयर्लंडच्या लोकांनी हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तिथून दहा लाखांहून जास्त माणसं परागंदा झाली. त्यांचे अमेरिकेतले वंशज पूर्वज शोधायला निघतात तेव्हा ‘मर्फी’ एवढ्यावर काही हाती लागत नाही, कारण ते आयर्लंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. गाव, किंबहुना वाडी कळली, तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत खापरपणजोबा भेटतात. 1922 च्या यादवीत डब्लिनमधलं सरकारी दफ्तर जळालं आणि एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या जनगणनांचे बहुतेक कागद गेले. कॅथलिक पॅरिशच्या बऱ्याचशा वह्या वाचल्या, कारण त्या राजधानीत नव्हत्याच. गावोगावच्या पाद्र्यांपाशी होत्या.

आपल्याकडे नोंदी राखण्याचं हे काम तीर्थक्षेत्रीच्या पंड्यांनी केलं. म्हणून सहकाऱ्याला म्हटलं, चल हरिद्वारला.

कुशावर्त घाटाजवळ जिल्ह्यांच्या नावांच्या पाट्या लावून पंडे बसतात. त्याच्या पंड्याने आडनावाकडे लक्षच दिलं नाही. पहिला प्रश्न, “गाँव?” दुसरा, “बिरादरी?” मग आतून लाल कापडात बांधलेली बही आली. हातभर लांब, अरुंद, पानं पिवळी पडलेली. पंड्याचं बोट ओळींवरून सरकत गेलं आणि थांबलं. सहकाऱ्याच्या आजोबांची सही होती, ते स्वतःच्या वडिलांच्या अस्थी गंगेत सोडायला आले तेव्हाची, शेजारी विक्रम संवतातली तिथी. आजोबांचं अक्षर त्याने त्याआधी पाहिलेलंच नव्हतं. सहीवर बोट ठेवून तो कितीतरी वेळ काही बोलला नाही.

तिथून मागे मागे जात नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पोचल्या. नाव, बापाचं नाव, गाव, जात रोड. दक्खन, मराठा, पेशवा यांपैकी एकही शब्द नाही. लपून राहिलेली माणसं पंड्याला खरं कशाला सांगतील, असं सहकाऱ्याचं म्हणणं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. पण इतर पुरावाही त्याच्या बाजूने नाही. कर्नालची जमीनमोजणी करणाऱ्या डेन्झिल इबेट्सनने 1881 च्या जनगणनेच्या अहवालात रोडांबद्दल लिहिलं आहे. ठाणेसरच्या दक्षिणेला पळसाच्या रानात त्यांची चौऱ्यांशी गावं, अमीन हे मुख्य. त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेली कथा रजपुतांची, झज्जरकडच्या बादलीहून आल्याची. लढाईला तेव्हा सव्वाशे वर्षंही झाली नव्हती. 2018 मध्ये वायव्य भारतातल्या समाजांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोडांचं साम्य भारताबाहेर, पश्चिमेला राहणाऱ्या लोकसमूहांशी निघालं.

काला आंबवर दरवर्षी येणाऱ्या या माणसांचं प्रेम मला खरं वाटतं, आणि पानिपतच्या मृतांची इतकी आठवण ठेवल्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. वंशाचा दावा मात्र आजच्या पुराव्यावर सिद्ध होत नाही. सहकाऱ्याला मी हे स्पष्ट सांगितलं. त्याने बहीच्या त्या पानाचा फोटो फ्रेम करून महाराजांच्या तसबिरीशेजारी लावला आहे.

आपल्या दारी येणाऱ्या ज्ञानाची आपल्याला तेवढी किंमत आहे का? कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बैल घेऊन फिरणारे हेळवी घराण्यांच्या वंशावळ्या सांगतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत, जुन्या नोंदी मोडीत, आणि मोडी वाचणारे थोडे. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दफ्तरं उपसली गेली तेव्हा हीच अडचण आली. दिल्लीच्या सराफ बाजारात खानापूर-आटपाडीकडची सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांच्या नातवंडांच्या कागदांवर जन्मगाव दिल्ली असतं. मूळ गाव फक्त आजीला ठाऊक.

तेव्हा नाशिकला किंवा हरिद्वारला जाल तर आपली नोंद काढून पाहा आणि पुढची लिहून या. लेकी-सुनांची नावंही आग्रहाने घालायला सांगा. जुन्या नोंदींत ती क्वचितच सापडतात. जाताना गावाचं जुनं नाव, तालुका आणि पणजोबांचं नाव एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.