हॅलो, ऐकू येतंय का?

मित्रांनो, २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं. दोन दिवस आमच्याकडे वीज नव्हती. माझा मोबाइलही बंद पडला. पुण्याहून आई सारखी फोन लावत होती. 'मी बरा आहे' एवढंही तिला सांगता येईना. शेजारचे आजोबा मात्र बॅटरीवरच्या हॅम रेडिओवर बोलत होते. कुठला रस्ता बंद, पाणी कुठे मिळतंय, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

नंतर मीही परवान्याची परीक्षा दिली. ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास! वयाची अट नाही, म्हणजे तुम्हीही देऊ शकता. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं.

माझा छोटा रेडिओ पुण्यापर्यंत पोचत नाही. पण आता वीज गेली, तर शेजाऱ्यांच्या हाकेला मी उत्तर देईन. तुम्ही काय कराल?