गोळीच्या डबीशेजारची बरणी

मागच्या दिवाळीनंतर माझं एलडीएल कोलेस्टेरॉल १६८ निघालं. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी लिहून दिली. मी ती आणली आणि कपाटात कपड्यांमागे सारली. बायकोला वाटायचं, मी रोज घेतोय.

माझा भरवसा जवसावर होता. आम्ही यवतमाळकडचे. जवसाची निळी फुलं, त्याच्या तेलात माखलेलं बैलगाडीचं लाकूड, लसूण-मिरची घालून आजीनं खलबत्त्यात कुटलेली चटणी. ‘आजीला कुठं होतं कोलेस्टेरॉल?’ असं मी चारचौघांत ऐकवायचो. आजीचं रक्त कुणी कधी तपासलंच नव्हतं, हे काही सुचायचं नाही.

तर भाजलेलं जवस, ओवा, सैंधव. दोन्ही जेवणांनंतर मुखवासासारखा एकेक चमचा. तीन महिन्यांनी एलडीएल १६५. डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, “कुटून खाता की अख्खं?”

अख्खं. त्याचे दाणे सकाळी जसेच्या तसे दिसायचे (माफ करा, पण दिसायचे), तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मग वाचायला बसलो. २००९ साली २८ चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला होता. जवसानं एलडीएल उतरतं, हे त्यात आहे. म्हणजे आजी अगदीच चुकली नव्हती. पण उतार सरासरी सहा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि नुसत्या तेलानं तोही नाही. जवस भिजवलं की जो बुळबुळीत चीक सुटतो, त्याचा यात मोठा वाटा. तो आतड्यात पित्त धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. मात्र अशा चाचण्यांत लोक बहुधा रोज तीसेक ग्रॅम पूड खातात, म्हणजे मोठे चार चमचे. तेवढी आमच्याकडची चटणी खाल्ली तर मिरचीच जीव घेईल. आणि स्टॅटिन? एलडीएल तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त खाली आणतं.

त्या रात्री कपड्यांमागची डबी काढून बायकोपुढे ठेवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून चटणीची बरणी फळीवरून खाली घेतली, डबी तिच्याशेजारी ठेवली.

“उद्यापासून दोन्ही मी वाढणार,” म्हणाली.